मदत हवी आहे: थायरॉक्सिन + कॅल्शियम, कुठल्या रकान्यात टाकू?

फार्मडी_इंटर्न: परवा प्रोजेक्ट जमा करायचाय आणि एका केसवर अडकलेय. ५४ वर्षांच्या काकू, थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) १०० मायक्रोग्रॅम, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी; गोळी पुरेशी पडत नसेल तर आकडा चढतो) १४. सकाळी त्याच घोटाबरोबर कॅल्शियमची गोळीही घेतात. गाइड म्हणतात 'इंटरॅक्शन' (एका औषधाचा दुसऱ्यावर परिणाम) लिही. पण पीसीएनई ९.१ (औषधांशी संबंधित अडचणींचं युरोपियन वर्गीकरण; पी म्हणजे प्रॉब्लेम, सी म्हणजे कारण) च्या प्रॉब्लेम्समध्ये तसा रकानाच नाही! लवकर सांगा प्लीज.

जुना_केमिस्ट: कॅल्शियम चिठ्ठीवर आहे की काकूंनी स्वतःच सुरू केलं?

वॉर्डराउंड: पीसीएनई सोड. स्ट्रँड वगैरेंची १९९० ची औषधांच्या अडचणींची आठ गटांची यादी घे, त्यात इंटरॅक्शनचा वेगळा गट आहे. आमच्या बॅचने तेच केलं.

रसायन: अहो, इंटरॅक्शन हे कारण झालं. काकूंचा प्रॉब्लेम हा की गोळी चालू असून टीएसएच उतरत नाही. म्हणजे पी१, परिणामकारकता. पीसीएनईने प्रॉब्लेम आणि कारण वेगळे केले ते याचसाठी.

वॉर्डराउंड: हे व्हायवाला परीक्षकांना पटवून दाखवा. तिच्या हातात दोन दिवस आहेत.

सुगरण७१: माझी थायरॉइडची गोळी डॉक्टरांनी रात्री झोपताना करून दिली, तेव्हापासून बरं आहे.

निरामय: पीव्हीपीआयला (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा सरकारी कार्यक्रम) एडीआर म्हणजे दुष्परिणामाचा फॉर्म पाठवलास का? १८००-१८०-३०२४ वर फोन कर.

रसायन: फॉर्मचं तिने विचारलेलंच नाही. चिठ्ठीचं काय झालं?

फार्मडी_इंटर्न: आत्ता पाहिली. थायरॉक्सिनपुढे 'उपाशीपोटी'. कॅल्शियमपुढे नुसतं १-०-०, म्हणजे सकाळी एक. दोन महिन्यांपूर्वी डोस ७५ चा १०० केलाय, कॅल्शियम त्याच्याही आधीपासून आहे.

जुना_केमिस्ट: अगं, हे आधी सांगायचं ना! कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतं, शोषूच देत नाही. 'डोस कमी' असं समजून ७५ चे १०० केले, आता १२५ करतील. पुढे कोणी कॅल्शियम बंद केलं तर तोच डोस जास्त होऊन छातीत धडधड सुरू होईल.

रसायन: मग पेशंटची चूक म्हणून सी७ (पेशंटशी संबंधित कारण) लिहू नकोस. चिठ्ठीत वेळ नाही, म्हणून सी३ (डोस ठरवण्यातलं कारण). गोळ्या देताना कोणी सांगितलं नसेल तर सी५ (औषध देण्यातलं कारण) पण. एका प्रॉब्लेमला एकाहून जास्त कारणं चालतात.

फार्मडी_इंटर्न: काउंटरवर सांगितलं होतं का, ते विचारलंच नाही. काकू उद्या ओपीडीला येतायत.

जुना_केमिस्ट: विचार. आणि डॉक्टरांना आजच गाठ. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, मध्ये किमान ४ तास, टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी. प्रोजेक्ट एक दिवस उशिरा गेला तर जाऊ दे.