उधाण म्हणजे लाट नव्हे

आम्हा सांगलीकरांकडे उधाण येतं ते उत्साहाला, नाहीतर चर्चेला. पाण्याला येतो तो पूर. त्यामुळे माघी पौर्णिमेच्या रात्री हर्णैजवळ आंजर्ल्याच्या खाडीतून छोट्या होडीनं मासेमारीला निघताना तांडेलकाका (तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या) म्हणाले, "आज उधाण हाय, बसा निवांत," तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. बाहेर बघितलं तर समुद्र परातीतल्या पाण्यासारखा. चांदणं पडलेलं, वारा नावापुरता. मग उधाण कुठलं?

त्यांनी होडीच्या कडेवर हात ठेवून सांगितलं : उधाण म्हणजे पाणी किती चढतं ते, लाटा किती उसळतात ते नव्हे. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एक होते. भरतीला पाणी नेहमीपेक्षा वर चढतं, ओहोटीला नेहमीपेक्षा खाली जातं. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात पडते, पाणी थोडं चढतं आणि थोडंच उतरतं. तो भांग. शाळेच्या भूगोलात 'उधाणाची भरती' आणि 'भांगाची भरती' ही जोडी पाठ केली होती, पण घाटावर त्यातलं उधाण तेवढं टिकलं. भांग म्हटलं की आपल्याला केसांतलाच आठवतो.

किनाऱ्यावरचा हिशेबही सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे 15, पाऊणपट सव्वाअकरा. रात्री त्याच सुमाराला आम्ही खाडीबाहेर पडलो आणि सकाळी नऊला परतलो, तर खाडीच्या मुखाशी वाळू वर आलेली. "नांगर टाक," काका पोराला म्हणाले. (माझ्या डोक्यात नांगर म्हणजे बैलजोडीमागचा. तो पाण्यात पडताना बघून क्षणभर चुकल्यासारखं झालं.) मग दीड तास बसून राहिलो. पोरगा मधूनमधून बांबू तळाला टेकवायचा आणि ओली खूण बोटानं दाखवायचा. ती बोटभर, वीतभर, हातभर वर सरकत गेली. लाट एकही नाही. उधाण मी पाहिलं ते त्या बांबूवर.

म्हणून पावसाळ्यात 'साडेचार मीटरच्या लाटा उसळणार' अशी बातमी वाचली की जीव तुटतो. तो आकडा बहुतेक वेळा भरतीच्या पातळीचा असतो, लाटेचा नव्हे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे सांगलीत पोरासोरांना पाठ आहे. 2019 ला ते 57 फुटांच्या वर गेलं. तेव्हा कुणी '57 फुटांची लाट आली' असं म्हटलं नाही. पातळी म्हणजे काय हे ज्या गावाला इतकं कळतं, त्या गावानं तरी उधाण हा शब्द नीट वापरावा असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद, सातारा : पटलं, पण 'उधाणलेला दर्या' म्हटलं की लाटाच डोळ्यांपुढे येतात. जोराचा वारा आणि अमावास्येची भरती एकदम आली तर फरक कसा करणार? अर्थ पसरला तर पसरू दे की.

प्रतिसाद, मिरज : माझं माहेर गुहागरकडचं. आमची आजी ओहोटी म्हणायचीच नाही. तिचं आपलं भरती आणि सुकती. 'पाणी सुकलं की कालवं (खडकावरची शिंपली) काढायला जाऊ,' असं.

माझं उत्तर : सातारकर दादा, कवितेत पसरू दे, उत्साहालाही उधाण येऊ दे. बातमीत नको, कारण ती वाचून कुणीतरी होडी ओढून घेणार असतो. वारा नसतानाही उधाण येतं आणि वादळ भांगाच्या दिवशीही येऊ शकतं. दोन्ही एकदम आलं तर दोन्ही सांगावं, वारा वेगळा आणि पाणी वेगळं.

ताई, 'सुकती' फार आवडला. आपल्याकडे पूर 'ओसरतो' किंवा पाणी 'उतरतं', सुकत मात्र नाही. पुरात पाण्याच्या कडेला काठी रोवून, नाहीतर दगड ठेवून आपण चढ-उतार बघतो. त्या खुणेला हरिपूर, औदुंबर, भिलवडीकडे काही खास शब्द आहे का? घरातल्या जुन्या माणसांना विचारून कुणी सांगेल का?