रक्तात वाढलेले प्रथिन: रोगाची खूण की औषधाचे लक्ष्य?

जिज्ञासू: आमवाताच्या रुग्णांच्या रक्तात सीआरपी हे प्रथिन वाढते आणि आजाराचा जोर त्यावरून जोखला जातो, औषध मात्र दुसऱ्याच प्रथिनाविरुद्ध दिले जाते. उलट स्तनाच्या कर्करोगात हर-२ हे प्रथिन तपासतात आणि औषधही त्याच्यावरच देतात. हा फरक कशामुळे? सीआरपीलाच थेट का रोखत नाहीत?

तपकिरी कडे: सीआरपी यकृतात तयार होते आणि ते तयार करण्याचा हुकूम प्रामुख्याने इंटरल्यूकिन-६ या दाहाचा संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाकडून येतो, सांध्यांतील दाहालाही हेच इंटरल्यूकिन हातभार लावते, म्हणून टोसिलिझुमॅब हे औषध सीआरपीच्या वाटेला न जाता इंटरल्यूकिन-६ च्या ग्राहीला, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनाला, अडवते. हर-२ हा स्वतःच पेशीच्या पृष्ठभागावरचा ग्राही आहे. त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की पेशीला वाढीचे संदेश अखंड मिळत राहतात, म्हणजे आपण जे मोजतो तेच रोगाला रेटत असते. स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत असे घडते आणि त्यांच्यासाठी हर-२ ला रोखणाऱ्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. गाठीच्या कापावर हर-२ दाखवणारा रंग चढवल्यावर पेशींभोवती गडद तपकिरी, सलग कडे दिसले की आम्ही ३+ (हर-२ भरपूर) लिहितो आणि मोकळे होतो. कडे फिकट निघाले की २+ (अनिश्चित), आणि मग फिश चाचणीने जनुकाच्या प्रती मोजल्याखेरीज पुढे जाता येत नाही. माझा निम्मा वेळ या २+ मध्येच जातो.

रात्रपाळी: वरील उत्तरात एक भर घालतो. टोसिलिझुमॅब सुरू झाल्यावर सीआरपी इतके खाली येते की रुग्णाला जंतुसंसर्ग झाला तरी ते वाढेलच असे नाही, आणि कधी तापही येत नाही. इंटरल्यूकिन-६ ची रक्तातील पातळी मात्र वाढते, कारण ज्या ग्राहीमार्फत त्याचा निचरा होतो तोच अडवलेला असतो. हे ठाऊक नसलेला माणूस दोन्ही अहवालांचा अर्थ उलटा लावील.

जिज्ञासू: आभारी आहे. पण औषध तयार होण्यापूर्वी, एखादे प्रथिन रोगाला कारण आहे की नुसते सोबती आहे, हे कसे ओळखतात?

तपकिरी कडे: माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा जनुकांतून मिळतो. पीसीएसके-९ हे प्रथिन अतिसक्रिय असलेल्या कुटुंबांत कोलेस्टेरॉल फार वाढते, हे २००३ मध्ये दिसले. २००६ मध्ये, त्याच्या जनुकाची एक प्रत जन्मतः निकामी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन व्यक्तींत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, २८ टक्क्यांनी आणि हृदयधमनीच्या विकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी आढळले. त्याला रोखणारी प्रतिपिंडे २०१५ मध्ये बाजारात आली. हृदयविकाराच्या संदर्भात हीच कसोटी सीआरपीला लावली गेली आहे: जनुकीय कारणाने ज्यांचे सीआरपी जन्मभर थोडे अधिक असते, त्यांना हृदयविकार अधिक होत नाही.