ज्येष्ठांसाठी रेल्वेची सवलत कार्डं : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे रेडिंगला येतायत, चांगले काही महिने राहायला. दोघंही साठी ओलांडलेले, दोघांनाही फिरायची हौस, आणि दोघांनाही पौंडाचे रुपये करून बघायची सवय. जवळच्या बाथ शहराला जायचं तिकीट रुपयांत किती हे कळलं की "आम्ही आपले घरीच बरे" सुरू होतं. यावेळी ते होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय.

ब्रिटनमध्ये साठीच्या पुढच्या माणसाला सीनियर रेलकार्ड काढता येतं. मार्च २०२५ पासून ते वर्षाला ३५ पौंड झालंय, आणि बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. म्हणजे एकट्याची १०५ पौंडांची तिकिटं झाली की कार्ड फिटलं. हिशोब इतका सोपा आहे, पण नियमांतल्या खाचाखोचा वापरणाऱ्यांनाच ठाऊक असतात. सवलत कोणी आपणहून हातावर ठेवत नाही आणि आपल्या आई-वडिलांची पिढी स्वतःसाठी काही मागायला संकोचते, त्यामुळे ही शोधाशोध आपणच करायला हवी असं मला मनापासून वाटतं. इतर देशांतले अनुभवही लिहा, आणि भारतातले तर नक्कीच लिहा.

लेस्टरहून

आई-बाबा कायम जोडीनेच फिरणार असतील तर दोन सीनियर कार्डं काढायच्या आधी टू टुगेदर रेलकार्डाचा विचार करा. ३५ पौंडांत एकच कार्ड, त्यावर दोघांची नावं आणि फोटो, सूट तीच एक तृतीयांश. वयाची साठीची अट नाही. अट दोनच : दोघांनी एकत्रच प्रवास करायचा, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही.

आमच्याकडे मात्र ते जमलं नसतं. सासूबाईंची बहीण हॅरोला राहते आणि त्या अधूनमधून एकट्याच तिकडे जातात. मामंजींना त्या गप्पांत बसायचं नसतं. म्हणून आम्ही दोघांना वेगवेगळी सीनियर कार्डं काढून दिली. तेव्हा आधी घरातल्या माणसांच्या सवयी बघा, मग कार्ड निवडा.

नातवंडं बरोबर असतील तर फॅमिली अँड फ्रेंड्स नावाचं आणखी एक कार्ड आहे. त्यावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना साठ टक्के सूट मिळते. बरोबर किमान एक मूल हवंच. शाळेच्या सुट्टीत आजी-आजोबा नातवंडांना घेऊन निघाले की याच्याइतकं फायद्याचं दुसरं काही नाही.

हाउन्स्लोहून

लंडनमध्ये फिरणार असाल तर एक गोष्ट अजिबात चुकवू नका. रेलकार्ड ऑयस्टर कार्डाला, म्हणजे लंडनच्या गाड्या-बससाठी आधी पैसे भरून वापरायच्या कार्डाला, जोडून घ्या. ट्यूबच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, कुठल्याही स्टेशनवर कर्मचाऱ्याला दोन्ही कार्डं दाखवली की ते मशीनवर दोन मिनिटांत करून देतात. त्यानंतर गर्दीची वेळ सोडून केलेल्या प्रवासाचं भाडं आणि दिवसभरात कापल्या जाणाऱ्या पैशांची कमाल मर्यादा, दोन्ही एक तृतीयांशाने उतरतात. बँकेचं कार्ड टेकवून गेलात तर ही सूट मिळत नाही. बरीच मुलं आपलंच जास्तीचं बँक कार्ड आईच्या हातात देतात, सोयीचं म्हणून, आणि सवलत तिथेच बुडते.

दुसरं, सकाळच्या वेळेचं. लंडन आणि आग्नेय इंग्लंडच्या पट्ट्यातल्या पट्ट्यात प्रवास असेल तर कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत सीनियर कार्ड चालत नाही. ज्येष्ठांना साडेनऊनंतर निघायला सहसा अडचण नसते, पण दवाखान्याची वेळ सकाळची असेल तर हे आधी बघून ठेवा.

लीड्सहून

बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ कर्जतला गेला. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, त्या सगळ्या कामात त्यांचं आयुष्य गेलं. आईच्या मागे ते पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा खोलीतून बाहेर पडायला तयार नव्हते. मी तिकीट खिडकीवर त्यांचा भारतीय पासपोर्ट दाखवून सीनियर रेलकार्ड काढून घेतलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यावर त्यांचं नाव होतं. पाकिटात नीट ठेवलं त्यांनी ते. पैसे भरून झालेत म्हटल्यावर आता ते वाया घालवायचे कसे, हा त्यांचा स्वभाव, आणि खरं सांगायचं तर माझा भरवसा त्या स्वभावावरच होता.

आम्ही उत्तर इंग्लंडमधल्या डोंगराळ सेटल–कार्लाइल रेल्वेमार्गाने गेलो. लीड्सहून थेट गाडी आहे. १८७६ साली प्रवाशांसाठी खुला झालेला हा मार्ग १९८० च्या दशकात बंद करायचा घाट घातला गेला होता. लोकांनी लढून तो वाचवला आणि १९८९ मध्ये बंदचा प्रस्ताव फेटाळला गेला. रिबलहेडचा दगडी पूल चोवीस कमानींचा. बाबा खिडकीला नाक लावून कमानी मोजत होते, आणि गाडी वळताना त्यांना चढाचा अंदाज बरोबर येत होता. दुसऱ्या खेपेला आम्ही रिबलहेडला उतरलो. तो पूल बांधणारे मजूर तिथल्या माळावर झोपड्या टाकून राहायचे, अपघाताने आणि देवीच्या साथीने कितीतरी मेले, हे तिथे वाचल्यावर बाबा बोरघाटाबद्दल बोलायला लागले. १८६३ साली सुरू झालेल्या आपल्या त्या घाटातही हजारो मजूर गेले, आणि त्यांची नावं कुठे नाहीत. कर्जतच्या दिवसांबद्दल इतकं सलग मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर कार्डाची किंमत यॉर्क, डरहॅम आणि या दोन फेऱ्यांतच निघाली. लांबच्या प्रवासाची ॲडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात आणि त्यांवरही रेलकार्ड चालतं, त्यामुळे सूट दुहेरी पडते. ती तिकिटं त्याच गाडीची असतात आणि त्यांचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून तब्येतीची खात्री नसेल तर ऑफ-पीक, म्हणजे गर्दीची वेळ सोडून चालणारं, तिकीट घ्या. आम्ही बाबांसाठी तेच घेतो. कार्ड पहिल्या वर्गालाही चालतं, हे त्यांनीच शोधून मला सांगितलं.

स्टुटगार्टहून

जर्मनीत पासष्टीनंतर बानकार्ड, म्हणजे तिथल्या रेल्वेचं सवलत कार्ड, कमी दरात मिळतं, बानकार्ड २५ आणि बानकार्ड ५० दोन्ही. पण भारतातून नव्वद दिवसांच्या व्हिसावर येणाऱ्यांना वर्षभराचं कार्ड कशाला? त्यांच्यासाठी तीन महिन्यांचं प्रोबे (चाचणीपुरतं) बानकार्ड आहे. बानकार्ड २५ वर लांबच्या गाड्यांच्या भाड्यात पंचवीस टक्के सूट मिळते, आणि ती स्वस्तातल्या स्पारप्राइस तिकिटांवरही मिळते.

मात्र हे कार्ड मुदतीनंतर आपोआप वर्षभराच्या कार्डात बदलतं. घेतल्या दिवशीच रद्द करण्याचा अर्ज टाकून मोकळे व्हा. तीन महिने ते चालतंच. आई-वडील परत गेल्यावर घरात जी सामसूम होते त्यात अशा तारखा लक्षात राहत नाहीत.

आणखी एक. २०२४ च्या जूनपासून बानकार्डाचं प्लास्टिक बंद झालं, आता ते ॲपमध्ये असतं. ज्यांना स्मार्टफोन जमत नाही त्यांच्यासाठी खात्यातून कागद छापून घेता येतो. सासऱ्यांसाठी आम्ही तो छापून पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात घातला. तिकीट तपासनिसाने बघितला, मान डोलावली, पुढे गेला.

डॉर्टमुंडहून

वरच्या प्रतिसादात थोडी भर. आई-वडील आयसीईने, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीने, न जाता जवळपासच फिरणार असतील तर डॉइचलांडटिकेट हा मासिक पास बघा. जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो. ज्येष्ठांना देशभर लागू अशी वेगळी सूट नाही, पण देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस सगळं त्यात येतं. पुढच्या महिन्यापासून नको असेल तर चालू महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द करावं लागतं.

सोलापूरहून

मी त्र्याहत्तर वर्षांचा आहे, मुलांच्या वतीने नाही, स्वतःच लिहितो. आपल्याकडे कार्ड कधी नव्हतंच, वय हेच कार्ड होतं. आरक्षणाच्या फॉर्मवर वय लिहायचं की साठीच्या पुरुषाला मूळ भाड्यात ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला ५० टक्के सूट. सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला मुलीकडे जाताना आम्हा दोघांना त्याचा केवढा आधार होता! २० मार्च २०२० पासून करोनाच्या कारणाने ही सवलत थांबवली. करोना गेला, गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत आली नाही. संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने २०२२ मध्ये निदान स्लीपर आणि थर्ड एसीसाठी तरी तिचा विचार करा असं सुचवलं होतं.

निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाला जाण्यायेण्याच्या प्रत्येक तिकिटाचा विचार करावा लागतो. लग्नाला जायचं की बाराव्याला, यातलं एकच निवडावं लागतं. परदेशात ३५ पौंड भरून का होईना पण सवलत मिळते हे वाचून बरं वाटलं. आमचीही परत मिळावी, ती आम्ही मागत राहणार.

नाशिकहून

काकांशी शंभर टक्के सहमत. भाड्यातली सवलत गेली तरी खालच्या बर्थचा कोटा चालू आहे, साठीच्या पुरुषांसाठी आणि पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांसाठी. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असतील तर लागू होतो. सगळ्या कुटुंबाचं एकत्र तिकीट काढलं की आजी वरच्या बर्थवर जातात. त्यांचं तिकीट वेगळं काढा. तरीही वरचा आला तर टीसीला भेटा, रिकामा राहिलेला खालचा बर्थ ते देऊ शकतात.

अकोल्याहून

ज्येष्ठांची सवलत बंद झाली म्हणजे सगळ्याच सवलती गेल्या असा समज इकडे पसरलाय, म्हणून मुद्दाम लिहिते. दिव्यांगांच्या आणि काही आजारांच्या रुग्णांच्या सवलती चालू आहेत. माझ्या सासऱ्यांना कॅन्सर निघाला, उपचार मुंबईत टाटा रुग्णालयात. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाता-येताना स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये भाडं पूर्ण माफ असतं, आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सूट. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो टाटातल्या वैद्यकीय समाजसेवा विभागाकडून समजावून घेता येतो. तिकीट आरक्षण खिडकीवरच काढायचं, घरून मोबाइलवर ही सवलत मिळत नाही.

आम्हाला हे कुणी सांगितलं माहिती आहे? दादरला प्रतीक्षालयात शेजारी बसलेल्या जळगावच्या एका बाईंनी. तोवर आम्ही पूर्ण भाडं भरत होतो. ज्यांच्या घरात हे आजारपण आहे त्यांच्यापर्यंत कृपा करून ही माहिती पोचवा.

रत्नागिरीहून

रेल्वेची नाही, पण एसटीची सवलत सांगते. पंचाहत्तरीनंतर राज्यात एसटी मोफत, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. माझी आई कोकण रेल्वे सोडून आता एसटीनेच ये-जा करते. कंबर धरते, वेळ जास्त लागतो, पण मनात आलं की निघते. दोन महिने आधी आरक्षणासाठी मुलाला फोन करावा लागत नाही याचंच तिला जास्त अप्रूप आहे.

रेडिंगहून, पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. लेस्टरच्या ताईंचं वाचून बाबांना फोन केला, आईला एकटीला कुठे जायचंय का विचारलं. ती म्हणाली, मिल्टन कीन्सला शाळेतली मैत्रीण आहे. मग दोन सीनियर कार्डं पक्की. शेवटचा प्रश्न : कार्ड फोनवर घ्यावं की छापील? दोघांकडे इथलं सिम नसेल.

बर्मिंगहॅमहून

छापील घ्या, स्टेशनच्या तिकीट खिडकीवर. फोनवरचं कार्ड इंटरनेटशिवायही उघडतं, पण बॅटरी संपली तर ते नसल्यातच जमा, आणि कार्ड दाखवता आलं नाही तर सवलतीचं तिकीट धरत नाहीत. आईचं कार्ड आईच्याच पर्समध्ये राहू दे. मिल्टन कीन्सला ती एकटी जाणार आहे ना?