बीडच्या वर्गात इंग्रजीची कोणती पाच पुस्तकं लावाल?

गोदाकाठ
समजा, बीडच्या एखाद्या कॉलेजात बी.ए.चा इंग्रजी साहित्याचा वर्ग आहे. लेकरं बहुतेक जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, मराठी माध्यमाची. वर्षभरासाठी पाच पुस्तकं निवडायची मोकळीक तुम्हाला मिळाली, तर कोणती घ्याल?

माझी यादी: स्टाइनबेकचं 'द ग्रेप्स ऑफ रॉथ', अचेबेचं 'थिंग्ज फॉल अपार्ट', ऑरवेलचं 'अ‍ॅनिमल फार्म', कोलटकरांचं 'जेजुरी' आणि शेक्सपिअरचं 'मॅकबेथ'. जेन ऑस्टिन मुद्दाम घेतली नाही.

स्टाइनबेकसाठी मी भांडायला तयार आहे. पुस्तक 1939 चं. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात पीक गेलं, जमीन बँकेकडं गेली, कुटुंबं फळं तोडायला कॅलिफोर्नियाला निघाली. वाटेत एक फाटका माणूस त्यांना हिशोब सांगतो: मालकाला माणसं लागतात 800, तो कामाच्या जाहिरातीचे कागद छापतो 5000, वाचतात 20 हजार. मग भुकेलं माणूस मिळेल त्या मजुरीला तयार होतं. आपल्या वर्गातल्या कितीतरी लेकरांचे आईबाप दसरा झाला की ऊसतोडीला जातात. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे काय, मजूर नेणारा मुकादम काय, मजुरीच्या हिशोबात नवराबायकोचा मिळून एक कोयता कसा धरतात, हे त्यांना पाठ आहे. या पानावर त्यांना गाईड लागणार नाही. तेच प्राध्यापकाला समजावून सांगतील.

बालाघाट
कडाडून विरोध. उसाच्या फडातून सुटावं म्हणून पोरगं कॉलेजात आलं आणि तुम्ही त्याच्यापुढं पुन्हा फडच ठेवता? गरिबाच्या लेकरानं गरिबीचंच वाचावं, हा नियम कुणी केला? पुण्यामुंबईच्या पोरांना सगळं जग आणि आमच्यांना फक्त आमचं दुःख?

दुसरं, भाषा. त्या कादंबरीतली माणसं ओक्लाहोमाच्या खेड्यातलं इंग्रजी बोलतात. अर्धे शब्द शब्दकोशात तसे सापडत नाहीत. आधीच धास्तावलेलं पोरगं दहाव्या पानावर पुस्तक मिटून ठेवील. त्यापेक्षा हेमिंग्वेचं 'द ओल्ड मॅन अँड द सी' लावा. लहान पुस्तक, साधी वाक्यं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही, मग पुस्तकातून तरी बघू द्या.

गोदाकाठ
हेमिंग्वेला माझी ना नाही. पण बोलीची भीती मला पटत नाही. आपली लेकरं घरी एक मराठी बोलतात, परीक्षेत दुसरी लिहितात. इंग्रजीतही खेड्यातल्या माणसाचं बोलणं छापलं जातं, त्याला मान मिळतो, हे त्यांना कळायलाच पाहिजे.

अंबाजोगाईची लेक
ऑस्टिन का वगळली, ते सांगा. नाचगाण्याच्या, बड्या घरच्या गोष्टी म्हणून ना? 'प्राइड अँड प्रेज्युडिस' 1813 चं आहे. पाच बहिणी, भाऊ नाही, म्हणून बापाच्या मागं इस्टेट दूरच्या पुरुष नातेवाइकाकडं, कॉलिन्सकडं जाणार. एलिझाबेथनं त्याला नकार दिला आणि लगेच तिच्याच मैत्रिणीनं, शार्लटनं, त्याला होकार दिला. शार्लट 27 वर्षांची. तिला प्रेम नको होतं, आपलं घर हवं होतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींचं शिक्षण अर्धवट राहिलं, कारण 'स्थळ चांगलं होतं'. कांद्यापोह्याचा ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर बसलेल्या मुलीला शार्लट कोण, हे शिकवावं लागत नाही.

ऊसतोड तुम्हाला दिसते, कारण ती रस्त्यावर दिसते. हे घरात चालतं.

नांदेड सेट-नेट
यादीत चॉसर नाही, मिल्टन नाही, वर्ड्सवर्थ नाही. उद्या हीच पोरं प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या सेट-नेट परीक्षेला बसतील, तेव्हा काय करायचं? खेड्यातल्या पोराला घरून कुणी सांगणारं नसतं, त्याला ही नावं कॉलेजातच कळतात. निदान एक वर्ष तरी क्रमानं इतिहास शिकवा.

मांजराकाठ
सेट-नेटची काळजी खरी आहे, पण त्या तयारीसाठी एम.ए.ची दोन वर्षं असतात. बी.ए.त वाचायची गोडी लागली नाही, तर पोरगं तिथवर जाणारच नाही.

बालाघाट, 'आपलंच दुःख' यावर एक सांगतो. जनार्दन वाघमारे सर लातूरला इंग्रजीचे प्राध्यापक होते, पुढं नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. अमेरिकेतल्या काळ्या लेखकांचं साहित्य त्यांनी मराठीत उलगडून दाखवलं. आपल्याकडं दलित साहित्य जोमानं लिहिलं जात होतं, तेव्हा तो अभ्यास फार कामाचा ठरला. लांबच्या देशात आपला प्रश्न ओळखणं म्हणजे डबक्यात अडकणं नव्हे. मराठवाड्यात इंग्रजी वाचायची ती एक मोठी रीत आहे.

बालाघाट
वाघमारे सरांना मानतोच. पण त्यांनी स्वतः निवडून वाचलं. वर्गातल्या पोराला निवड नसते, त्याच्यावर पुस्तक लादलं जातं. आणि लादायचंच असेल तर ग्रेप्समधले दोन उतारे द्या: ट्रॅक्टर घरावर घालतात तो आणि तुमचा तो फाटका माणूस. उरलेल्या वेळात हेमिंग्वे पूर्ण.

गोदाकाठ
ऑस्टिन घेतो. त्यासाठी मॅकबेथ सोडायला तयार आहे, शेक्सपिअर पुढच्या वर्षी येईल. पण उतारे नकोत. पहिलीपासून या लेकरांना उतारेच मिळालेत: धडा, खाली प्रश्न, गाळलेल्या जागा. एखादं जाड इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटापर्यंत आपण वाचलं, हे त्यांना एकदा तरी म्हणता आलं पाहिजे. त्यासाठी अख्खं सत्र गेलं तरी चालेल.