रेंडर लावलं की पीसी बंद: दोष उन्हाचा की माझ्या भावाचा?

खामला_कट्स

नमस्कार. मी नागपूरला खामल्यात घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. गेल्या दिवाळीत धाकट्या भावाने पीसी जोडून दिला. रायझन ५ ५६००, त्याच्या डब्यात आलेलाच पंखा, बी४५० बोर्ड, ८-८ जीबीच्या दोन रॅम (दुसरी नंतर बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून घेतली), आरटीएक्स ३०६० आणि ५५० वॅटचा पॉवर सप्लाय. यूपीएस मात्र जुन्या कॉम्प्युटरचाच, चारेक वर्षांचा.

मार्चपर्यंत काही तक्रार नव्हती. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला आणि याचं डोकं फिरलं. दुपारी रेंडर लावलं (एडिट केलेल्याची पक्की व्हिडिओ फाइल बनवायला) की दहा-पंधरा मिनिटांत फट्‌कन बंद. निळा स्क्रीन नाही, काही नाही, सरळ अंधार. कधी आपणच परत सुरू होतो, कधी बटण दाबावं लागतं. रात्री नुसतं ब्राउझर उघडं असताना मात्र निळा स्क्रीन येतो, 'मेमरी मॅनेजमेंट' असं लिहिलेला. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ या एररची रांग लागली आहे.

तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोमध्ये रेंडर करताना प्रोसेसर ९० अंश, ग्राफिक्स कार्ड ८३, आणि 'ऑक्सटिन' नावाचं काहीतरी १२७! ते बघून तर मी मेन स्विचच बंद केला. खोली वरच्या मजल्यावर आहे, स्लॅब तापतो. खिडकीला कूलर आहे, त्याची हवा थेट टेबलावर येते. भाऊ पुण्याला, फोनवर म्हणतो 'ऊन आहे गं, दुसरं काय'. आई म्हणते त्याच्याजवळ कांदा ठेव. १२ तारखेला एका पार्टीला पूर्ण व्हिडिओ द्यायचा आहे. काय करू?

तर्री_जास्त

ताई, घाबरू नका. १२७ ले तर मुळीच घाबरू नका. बोर्डावरच्या सेन्सर चिपचे काही पाय कशालेच जोडलेले नसतात, त्यायचा आकडा काहीही येते. मे २०२४ च्या शेवटी आपल्या नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवलं होतं, आठवते का? देशभर बोंब झाली, मग हवामान खात्यानं सांगितलं का सेन्सर बिघडला होता. तसंच हे.

पण ९० खरं आहे. ५६०० ची मर्यादाच ९० आहे. तिथं पोचला का तो स्वतःच वेग कमी करते, बंद पडत नाही. म्हणून रेंडर हळू होईन, पण अंधार होण्याचं कारण मले हे वाटत नाही.

आधी पंखे पाहा. उदबत्ती लावा अन् कॅबिनेटच्या समोर धरा. धूर आत गेला पाहिजे. मागच्या पंख्यापाशी बाहेर फेकला पाहिजे.

झिरो_माईल

कर्नल-पॉवर ४१ ला निदान समजू नका. मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नाही, एवढंच ते सांगतं. त्याच्या तपशिलात 'बगचेककोड' बघा. शून्य असेल तर विंडोजला कळायच्या आधीच वीज गेली किंवा मशीन रीसेट झालं. दुसरा आकडा असेल तर तो निळ्या स्क्रीनचा. माझा अंदाज, दुपारच्या नोंदींत शून्य निघेल आणि रात्रीच्या नोंदींत नाही. म्हणजे तुमच्याकडे दोन आजार आहेत आणि तुम्ही एकच औषध शोधताय.

तीन गोष्टी सांगा. पीसी आणि खिडकीतला कूलर एकाच बोर्डावर आहेत का? बंद व्हायच्या आधी यूपीएसमधून 'टक' असा आवाज येतो का? आणि नेमकी वेळ काय असते?

एक आगाऊ सूचना: कूलरची हवा सरळ कॅबिनेटवर सोडू नका. दमट हवेने बिघडत नाही, आतले भाग हवेपेक्षा गरमच असतात. पण शिंतोडे उडतात आणि पाण्यातले क्षार पांढरे होऊन बसतात. तुमच्या कूलरच्या जाळीवर पाहिले असतीलच.

खामला_कट्स

दोन दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेळा लिहिल्या, दुधाच्या हिशेबाखाली.

उदबत्ती लावली. धूर समोरून माझ्याच तोंडावर! पुढचे दोन्ही पंखे बाहेर फेकताहेत, मागचाही बाहेरच. तिघेही घरातून पळून जायला निघालेले. भावाला व्हिडिओ पाठवला, त्याने हात जोडलेली इमोजी पाठवली. पुढचे दोन्ही उलटून बसवले (पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या काड्या असतात, तिकडून हवा बाहेर पडते, हे आता जन्मभर विसरणार नाही). प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादीच होती, ती ब्रशने काढली, पेस्टही नवी लावली. खोलीत ३७ अंश असताना रेंडरला आता ७९.

तरीही अंधार होतोच! २.१०, २.५५, ३.४०. बगचेककोड तिन्ही वेळा शून्य. आणि हो, दोन वेळा 'टक' ऐकू आलं. कूलर आणि यूपीएस एकाच एक्स्टेन्शनवर आहेत. आई दुपारी पाणी भरायला कूलर बंद करते आणि परत लावते.

झिरो_माईल

मग झालं. मोटर सुरू होताना क्षणभर भरपूर करंट ओढते, त्या लांबलचक एक्स्टेन्शनवर व्होल्टेज खाली येतं. यूपीएसला वाटतं लाइट गेली, तो 'टक' करून बॅटरीवर जातो. बॅटरी मेलेली, म्हणून अंधार. ब्राउझरवर असताना पीसी फार थोडी वीज घेतो, तेवढी ती बॅटरी कशीबशी ओढते. रेंडरमध्ये प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही कामाला लागले की बसते.

आतली १२ व्होल्ट ७ एएच लेड-ॲसिड बॅटरी उष्णतेला फार नाजूक. ढोबळ हिशेब असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. चार उन्हाळे काढले म्हणजे तिने बरंच केलं.

खात्री करायची तर यूपीएसवरून पीसी काढा, १०० वॅटचा बल्ब लावा आणि भिंतीतला प्लग ओढा. बल्ब लगेच गेला तर बॅटरी बदला. आणि ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटचाच असतो, मॉनिटरसकट एवढंच ओझं टाका.

तर्री_जास्त

अन् घर जुनं असन तं अर्थिंगच्या खड्ड्यात एक बादली पाणी टाका. मे महिन्यात माती कोरडी ठणठणीत होते, अर्थिंग नावालेच उरते. माह्या घरी कॅबिनेटले हात लावला का झिणझिण्या येत होत्या.

पट्टी_काढा

रात्रीच्या निळ्या स्क्रीनबद्दल कुणीच बोलत नाहीये. दोन वेगवेगळ्या रॅम आणि एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी बायॉसमधली सेटिंग) चालू, बरोबर? पेन ड्राइव्हवर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ टाका आणि रात्रभर चालवा. एकही लाल ओळ आली तर एक्सएमपी बंद करून परत. तरीही आली तर एकेक पट्टी वेगळी तपासा, त्याच स्लॉटमध्ये. नाहीतर स्लॉटचा दोष पट्टीच्या माथी जातो.

खामला_कट्स

बल्ब डोळ्याचं पातं लवायच्या आत गेला. बर्डीवरून नवी बॅटरी आणली, कूलर वेगळ्या पॉइंटवर नेला आणि त्याचं तोंड वळवलं. काल दुपारी सलग अडीच तास रेंडर, आईने मुद्दाम चार वेळा कूलर बंद-चालू करून पाहिला. अर्थिंगलाही बादली घातली, शेजारच्या काकूंनी विचारलं कुठलं झाड लावलंस.

मेमटेस्टमध्ये नंतर घेतलेली पट्टी दोषी निघाली, एक्सएमपी बंद करूनही आणि एकटी लावूनही. जुनी एकटी ठेवली तर रात्रभर स्वच्छ. दुकानदार आधी म्हणाला 'मॅडम, गर्मीनं होते असं'. लाल ओळींचा फोटो दाखवल्यावर वॉरंटीत ठेवून घेतली, पंधरा दिवस लागतील म्हणाला. तोवर ८ जीबीवर टाइमलाइन गोगलगायीसारखी सरकतेय. वधूपक्षाची हळद अजून बाकी आहे. एडिट करताना प्रीव्ह्यू हलका करायची काही युक्ती आहे का?

पट्टी_काढा

प्रॉक्सी, म्हणजे मूळ व्हिडिओच्या हलक्या प्रती बनवा. ७२० च्या फाइलींवर कापाकापी करा, शेवटचं एक्सपोर्ट मूळ फाइलींवरून. आणि ब्राउझर बंद ठेवा, हा धागासुद्धा.