ट्यूब प्रीअँपचा बेस पातळ का होतो

प्रश्न असा आहे की गिटार अँपच्या इनपुटला भरदार वाजणारा ट्यूब प्रीअँप (वाद्याचा बारीक सिग्नल व्हॅक्यूम ट्यूबने वाढवणारा) पॉवर अँपला (स्पीकर चालवणाऱ्या अँपला) जोडला की खालचे सूर गायब होतात, मग जास्त वॅटचा अँप घ्यावा का. थांबा, वॅटचा इथे संबंध नाही.

बहुधा दोष आउटपुटच्या कपलिंग कपॅसिटरचा आहे, म्हणजे डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणाऱ्या कपॅसिटरचा. समजा कॅथोड फॉलोअरनंतर (ट्यूबच्या कॅथोडवरून आउटपुट घेणारा, कमी रोधाचा टप्पा) ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. पुढे गिटार अँपसारखा १ मेगओम रोधाचा इनपुट असेल तर काही बिघडत नाही. पण बऱ्याच पॉवर अँपचा इनपुट १० ते २० किलोओम असतो. १० किलोओमवर हीच जोडी साधारण १५० हर्ट्झपासून खालचं कापायला लागते, आणि बेसची सर्वात जाड तार ४१ हर्ट्झवर वाजते! तिथे २.२ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर (किमान ४०० व्होल्टचा) घातला की कटऑफ (जिथून खालचं कापलं जातं ती सीमा) ७ हर्ट्झच्या आसपास जातो. आत हात घालण्याआधी पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करून मीटरने तपासा. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

आउटपुट थेट ट्यूबच्या प्लेटवरून (अ‍ॅनोडवरून) घेतलेला असेल तर नुसता कपॅसिटर वाढवून भागणार नाही. १२एएक्स७ या नेहमीच्या प्रीअँप ट्यूबचा स्रोत-रोध (आउटपुटचा स्वतःचा रोध) ४० किलोओमच्या घरात जातो, त्यामुळे १० किलोओमच्या इनपुटवर लेव्हलही १३-१४ डेसिबलने पडते. तिथे बफर (कॅथोड फॉलोअरसारखा कमी रोधाचा टप्पा) लागतोच.

पॉवर अँपची सेन्सिटिव्हिटीही बघा, म्हणजे पूर्ण पॉवरसाठी त्याला किती व्होल्टचा इनपुट लागतो ते: ८ ओमवर ४०० वॅटसाठी ५७ व्होल्ट लागतात, म्हणजे ३२ डेसिबल गेनला (सुमारे ४० पट वाढ) १.४ व्होल्ट इनपुट.

चालू करताना पॉवर अँप शेवटी, बंद करताना आधी. हम (घुंईं असा आवाज) आला तर सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, अर्थिंगची पिन मात्र कधीच तोडू नका.