फायब्रोनेक्टिन नुसता गोंद आहे की पेशींना वाटही दाखवतो?

अंडं_फुटलं: एमएस्सी झूलॉजी, डेव्हलपमेंटलचा पेपर तोंडावर आलाय. नोट्समध्ये ईसीएम (एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स) म्हणजे पेशींना आधार देणारं जाळं एवढ्यावरच बोळवण केलीय आणि पुढच्याच पानावर म्हणे त्यातली लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं भ्रूणाच्या पेशींना गाइड करतात. जे पेशीबाहेर नुसतं पडून आहे ते पेशीला काय सांगणार? प्रयोगासकट सांगा कुणीतरी.

बेडूकमामा: न्यूटवरचं (शेपटीवाला उभयचर) बूको या संशोधकांचं काम बघ, १९८४ च्या आसपासचं. मेसोडर्मच्या (भ्रूणाचा मधला थर) पेशी ब्लास्टोसीलच्या (भ्रूणातली पोकळी) छताला धरून सरकतात आणि त्या छताच्या आतल्या बाजूला फायब्रोनेक्टिनचे तंतू असतात. पेशीचा इंटेग्रिन (पृष्ठभागावरचं पकड घेणारं प्रथिन) त्यातल्या आरजीडी या तीन अमिनो आम्लांच्या तुकड्याला पकडतो. त्यांनी तोच तुकडा असलेलं पेप्टाइड ब्लास्टोसीलमध्ये टोचलं, इंटेग्रिन त्यातच अडकले, तंतूंवर पकड बसेना आणि गॅस्ट्रुलेशन (पेशी आत सरकून थर बनण्याची पायरी) ठप्प! इंटेग्रिनचं दुसरं टोक आत अ‍ॅक्टिनला (पेशीच्या आतल्या सांगाड्याचे तंतू) जोडलेलं असतं, त्यामुळे बाहेरची पकड आतपर्यंत कळते.

प्लेट_धुणारी: पण न्यूटचं उत्तर उंदराला चिकटवू नकोस हं. फायब्रोनेक्टिन नसलेल्या उंदरात (१९९३) गॅस्ट्रुलेशन सुरू होतं, मेसोडर्मही येतो, पण नोटोकॉर्ड (पाठीचा आधारदांडा) आणि सोमाइट (मणके-स्नायू ज्यातून होतात ते ठोकळे) बनत नाहीत, हृदय-रक्तवाहिन्यांचाही घोळ होतो. लॅमिनिनची गॅमा-१ साखळी काढली तर त्याहून वाईट, बेसमेंट मेम्ब्रेनच (पेशींखालचा ईसीएमचा पातळ थर) होत नाही आणि साडेपाचव्या दिवसाच्या सुमारास खेळ खलास. आमच्याकडे स्टेम सेल वाढवताना रोज हेच दिसतं, मॅट्रिजेलचं (बहुतांशी लॅमिनिन असलेलं ईसीएमचं जेल) कोटिंग नीट बसलं नाही की पेशी प्लेट सोडून तरंगायला लागतात.

अंडं_फुटलं: भारी! पण छतावरचे तंतू आले कुठून?

बेडूकमामा: छताच्या पेशीच फायब्रोनेक्टिन सोडतात, आणि ते नुसतं सोडून तंतू होत नाहीत, इंटेग्रिननं धरून ओढावं लागतं, ताण पडला की रेणू उलगडतो आणि एकमेकांत गुंफला जातो. म्हणजे तुझं ते 'पडून आहे' चूक, पेशीच रस्ता बांधतात आणि पेशीच त्यावरून जातात. पेपरात आरजीडीचा प्रयोग आकृतीसकट काढ, मार्क तिथेच आहेत.

प्लेट_धुणारी: आणि उंदराची ओळ गाळू नकोस, तोंडीला तेच विचारतात.